अम्माने न पाहिलेले चार विजय

आमच्या घरात तुळजामामाचे चार विजय रविवारी सकाळी सांगितले जात, आणि ते सुरू झाले की स्वयंपाकघरात आट्टुकल फिरू लागे. आट्टुकल म्हणजे इडलीचं पीठ वाटायचा तो जड काळा दगड. अम्मा एरवी तो शनिवारीच धुऊन, वर फडकं घालून ठेवी. रविवारी वाटायला काही नसे. तरी मामाचा आवाज अंगणात चढला की ती मूठभर भिजवलेले उडीद त्यात टाकी आणि दगडाची घरघर त्याच्या आवाजावर चालून येई. मामा थोडा आवाज वाढवी. दगडही वाढवी. आम्ही मुलं पायऱ्यांवर बसून दोन्ही ऐकत असू आणि आम्हाला त्यात वावगं काही वाटत नसे. मामा बोलतो आणि अम्मा वाटते, रविवार असाच असतो, अशी आमची समजूत होती.

मामा तिरुचीजवळच्या रेल्वेच्या कारखान्यात घणाचं काम करी आणि पहाटेच्या पॅसेंजरने यायचा. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या बोळात दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावं लागे. मामा आला की समोरचा सरळ कोणाच्या तरी ओट्यावर चढून उभा राही. तो मद्रास राज्याचा हेवीवेट चॅम्पियन होता. त्याच्या गटात लढायला माणसंच मिळत नसत. "दहीभाताच्या मुलखात हेवीवेट किती, मंजू? मी, आणि बृहदीश्वराचा नंदी. नंदीने अजून आव्हान दिलेलं नाही," असं तो स्वतःच मला म्हणायचा. कुत्तुसंडैच्या, म्हणजे मुष्टियुद्धाच्या जाहिरातींवर त्याचं नाव 'तंजै पुली' असं छापत. तंजावूरचा वाघ. घरात मात्र तो अम्माचा 'तुळजा दा' होता, 'दा' म्हणजे आपलं 'रे'. त्यांची आई तो लहान असतानाच गेली, आणि अम्माने परकर नेसायच्या वयात त्याला कडेवर घेऊन वाढवलं होतं. तिला तो अक्का म्हणे. चार घास जास्त खाल्ले की ती त्याच्या पाठीवर थाप मारी, आणि ती एवढीशी बाई एवढ्याशा हाताने त्या डोंगराला थोपटते आहे हे पाहून माझे वडील चष्मा वर सारून हसत.

वडिलांना आम्ही अप्पा म्हणत होतो. त्यांचा पायाने चालवायचा एक छापखाना बोळाच्या तोंडाशी होता. त्यात लग्नपत्रिका छापून जे मिळे त्यात ते पत्रकं छापत. देवळातल्या प्रवेशाबद्दल, हुंड्याबद्दल, दारूबद्दल, ज्योतिषांबद्दल, आणि सगळ्यात जास्त नवसांबद्दल. नवस म्हणजे देवाला लाच, हे वाक्य मी अक्षरं जुळवायला शिकले तेव्हा पहिल्यांदा उलट्या अक्षरांत वाचलं. ती पत्रकं तमिळमध्ये असत. घरात आम्ही, तंजावूरच्या जुन्या मराठी घराण्यांतली माणसं, मराठी बोलत होतो, पण आमच्या मराठीला अक्षरं नव्हती, निदान आमच्या हाताला नव्हती. मी देवनागरी शिकले ती पुढे नोकरीनिमित्त पुण्याला आल्यावर, पस्तिशीत. तिथे शाळेच्या स्टाफरूममध्ये मी 'मज नक्को' म्हटलं की सहकारी बायका हसत आणि पुन्हा म्हणायला लावत. आज मी त्यांच्यासारखं लिहिते. पण अम्मा आणि मामा जसे बोलत तसं लिहायला बसले की हात अडखळतो, कारण तो आवाज मी कधी कागदावर पाहिलेलाच नाही.

कॉलेजात गेल्यावर अप्पांच्या पत्रकांचा मजकूर मीच लिहू लागले. एक कागद, तीन घड्या, आठ पानं. त्यात जे बसेल ते सत्य, उरलेलं कात्रीखाली. मला ती कात्री फार आवडायची. अठराव्या वर्षी माझ्याजवळ प्रत्येक प्रश्नाचं उत्तर होतं आणि ते आठ पानांत बसत होतं.

मामाच्या विजयांकडे मी त्याच डोळ्यांनी पाहत होते. पहिला कोलारच्या सोन्याच्या खाणीतला. समोर खाणीचा फोरमन, डावा हात घणासारखा. "पहिल्याच राउंडमध्ये पडलो, मंजू. डोकं आपटलं तर काय दिसलं, माहीत? तंबूच्या कापडाला एक भोक होतं, त्यातून एक कावळा बघत होता. म्हटलं, हा जाऊन अक्काला सांगेल, त्याआधी उठावं." मग तो नुसता मागे मागे सरत राहिला आणि फोरमनला दम लागेपर्यंत थांबला. "त्याच्या छातीत खाणीची धूळ होती. मी त्याला नाही हरवलं, धुळीने हरवलं. मी फक्त उभा होतो." दुसरा बंगळूरच्या छावणीतला, गोऱ्या सार्जंटविरुद्धचा. त्यातही तो पडला होता, दोनदा, आणि उठून जिंकल्यावर तोच सार्जंट त्याच्या सुजलेल्या डोळ्यावर बर्फ धरून बसला होता. "आईसारखा बसला होता. मिशी असलेली आई." तिसरा कोलंबोचा. बोटीत उलट्या होऊन त्याच्या पोटात काही राहिलं नव्हतं. पाय लटपटत होते, म्हणून त्याने पहिल्या ठोशातच सगळं संपवलं. "दुसरा मारायला मी उभा नसतो राहिलो!" आणि चौथा मद्रासचा, चॅम्पियनच्या पट्ट्यासाठीचा. त्यात शेवटच्या राउंडला दोघांचे ठोसे एकाच क्षणी बसले आणि दोघेही आडवे झाले. "मी आधी उठलो. एवढंच. चॅम्पियन म्हणजे काय, तर आधी उठलेला माणूस."

हे सांगताना तो आमच्याकडे बघत नसे. पाठ आमच्याकडे, तोंड स्वयंपाकघराच्या दाराकडे. पडण्याचा भाग आला की तो खरोखर अंगणात पाठ टेकून झोपे आणि तिथूनच, आभाळाकडे बघत, मोठमोठ्याने बोले. आणि नेमक्या त्या वेळी आतला दगड असा गरागरा फिरे की त्याचे शब्द आम्हा पायरीवरच्यांनाही जेमतेम कळत. अम्मा त्याची एकही लढत पाहायला गेली नव्हती. म्हणजे, तसा आमचा समज होता.

त्या वर्षी पोंगलच्या दिवसांत मामाची शेवटची लढत ठरली आणि ती तंजावुरातच. कारखान्यातल्या डॉक्टरांनी त्याचा डावा डोळा तपासून हे पुरे झालं म्हणून सांगितलं होतं. समोर मद्रास बंदरातला जोसेफ नावाचा क्रेनवाला, मामाहून कितीतरी तरुण. अप्पांच्या डोक्यात आलं की त्या दिवशी वाटायला मामावर एक पत्रक काढावं. मी ते एका बैठकीत लिहून टाकलं. 'तंजै पुलीचे चार प्रहार.' कोलारचा दमेकरी फोरमन माझ्या लेखणीत कंपनीचा मस्तवाल मुकादम झाला. सार्जंटचा बर्फ आठ पानांत बसला नाही. बोटीतल्या उलट्या बसल्या नाहीत. आणि मामा पडला हे तर कुठेच बसलं नाही. मी लिहिलं होतं: पुली पडत नाही, पडतात ते त्याच्यासमोर उभे राहणारे. ओला कागद घेऊन मी अंगणात धावले आणि मामाला वाचून दाखवलं. तो मान हलवत ऐकत राहिला. ऐकून झाल्यावर म्हणाला, "नल्ला इरुक्कु. फार छान. पण हा माणूस कोण? मज याला भेटायचं आहे एकदा."

"तूच आहेस, मामा!"

"मी? मी तर पडतो की गे. हा पडतच नाही. याच्याशी लढायला लागलं तर मी रिंगमध्येच जाणार नाही."

अप्पा हसले, मी रागावले, आणि पत्रक तसंच छापून झालं.

पोंगलच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे कनु असे. आमच्या लोकांनी तमिळ शेजाऱ्यांकडून घेतलेला हा सण. घरातल्या बायकांनी सकाळी आंघोळीआधी अंगणात हळदीची पानं मांडायची आणि त्यांवर आदल्या दिवशीच्या भाताचे छोटे गोळे ठेवायचे, हळदीने पिवळे केलेले, कुंकवाने लाल केलेले, दह्याचे पांढरे, शेजारी उसाचं कांडं आणि केळ्याचा तुकडा. हे कावळ्याचिमण्यांसाठी. ती एकत्र येऊन खातात तसे भाऊबहिणी एकत्र राहोत आणि भाऊ सुखी राहो म्हणून. अम्मा इतर सणांत हात राखून असे, अप्पांच्या पत्रकांचा मान म्हणून. कनुला मात्र ती कोणाचं ऐकत नसे. तिची पानं अंगणभर पसरलेली असत, आणि एकच भाऊ असून गोळे दहा भावांचे असत.

त्या सकाळी मामा आला तेव्हा अम्मा पानांपुढे उकिडवी बसली होती. तो तिच्या मागे, थोड्या अंतरावर, पायरीवर बसला. कावळे आले, नाचले, गेले. मग तो म्हणाला, "अक्का, उद्या येशील का?"

"कुठे?"

"कुठे म्हणजे? चार वाजता आहे. उजेडातच आहे. बायकांना बसायला वेगळी जागा केली आहे. मंजू बरोबर असेल."

"उद्या मज काम आहे."

"काय काम?"

"आहे."

मामाने उसाचं एक कांडं उचललं, मोडलं, परत ठेवलं. "ही शेवटची. यानंतर नाही. एकदा येऊन बघ. हवं तर पाच मिनिटं बघ."

"नक्को, दा. हट्ट करू नक्को."

"तू एकदा आली होतीस," मामा म्हणाला. मी दारात उभी होते. हे मला नवीन होतं. "अगदी पहिल्या वेळी. तिरुचीला. डबा घेऊन आली होतीस. मी पडलो, मज शुद्ध नव्हती, आणि शुद्ध आली तेव्हा तू निघून गेली होतीस. त्यानंतर कधी आली नाहीस. का ते मज ठाऊक आहे. तुझी मान खाली गेली. एवढा वाढवला, आणि सगळ्या गावादेखत चिखलात पडला." मग अगदी हळू, एवढ्या मोठ्या छातीतून येऊ नये इतक्या बारीक आवाजात म्हणाला, "त्यानंतर चार वेळा जिंकून आलो की, अक्का. अजून पुरे झालं नाही का?"

अम्मा वळली नाही. तिच्या हातात लाल भाताचा गोळा होता, तो तिने इतका दाबला की बोटांतून भात बाहेर आला. मामा थोडा वेळ वाट पाहून उठला, कॉफी न घेता निघून गेला. या वेळी त्याच्या चालण्याने बोळ अडला नाही. तो भिंतीला धरून गेला.

स्वयंपाकघरात लिंबाचा, नारळाचा, चिंचेचा असे कनुचे भात करायचे पडले होते. अम्मा चुलीपाशी नुसती बसून होती. मी तिला हलवलं. "तो काय बोलून गेला, ऐकलंस? त्याला वाटतं तुला त्याची लाज वाटते!"

"ऐकलं."

"मग खरं काय ते सांग त्याला!"

तेव्हा तिने मला सांगितलं. तिरुचीला मामा पडला तेव्हा त्याच्या कानातून रक्त आलं होतं. लोक म्हणाले, गेला. ती डबा टाकून मैदानाबाहेर पळाली आणि रस्त्यावरच पुन्नैनल्लूरच्या मारिअम्मन देवीला तिने नवस केला, की याला उठव, पुन्हा असा पडू देऊ नकोस, मी माझे डोळे तुला देते, हा लढताना मी पुन्हा कधी बघणार नाही आणि त्यातलं काही कानावरही येऊ देणार नाही. परत आली तर मामा उठून बसला होता. लांबूनच पाहून ती घरी आली. ज्याच्यासाठी नवस केला त्याला तो सांगितला तर मोडतो, असं तिच्या आईने शिकवलं होतं. म्हणून सांगितलं नाही. म्हणून दगड फिरवला. त्यानंतर मामा पुन्हा कधी तसा पडला नाही, असं ती धरून चालली होती, कारण तो कसा पडत होता ते तिने ऐकलंच नव्हतं.

मी अठरा वर्षांची होते. मला तिची कीव आली नाही, संताप आला. लाच, व्यापार, भीतीचं राज्य, सगळं मी तिला चुलीपुढे ऐकवलं, जसंच्या तसं, आठही पानं. तिने शांतपणे ऐकलं. कढईखालचं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाली, "सगळं बरोबर असेल, मंजू. पण तुझ्या कागदाला भाऊ नाही."

दुपारी अप्पाही तेच बोलले.  रात्री जेवताना तिने एकच प्रश्न विचारला, तोही कोणाला उद्देशून नाही: "तो इतकी वर्षं असं समजत होता?" दुसऱ्या दिवशी तीन वाजता ती कोरी नऊवारी नेसून दारात उभी होती. आमच्या लोकांत ती सणालाच निघे. "चल," म्हणाली. मला वाटलं, माझ्या बोलण्याने पटलं. तसं नव्हतं. तिच्यापुढे दोन गोष्टी होत्या, भावाचा जीव आणि भावाचं मन, आणि तिने त्या दिवशी दुसरी उचलली होती, पहिली जाईल अशी खात्री धरून. तिचा चेहरा स्मशानात निघालेल्या माणसासारखा होता. मी मात्र पत्रकांचा गठ्ठा काखेत मारून तिच्यापुढे विजयी चालले होते.

कापणी झालेल्या शेतात रिंग बांधली होती. धानाचे बुडखे पायाला टोचत होते. बायका म्हणजे मोजक्याच, कारखान्यातल्या कामगारांच्या घरच्या. त्यांनी अम्माला मध्ये जागा दिली. "पुलीची अक्का," एकजण दुसरीला म्हणाली आणि ओळीतून ते पुढे गेलं. मामा दोरखंडाखालून वाकून आत आला, त्याने सवयीने चहूकडे हात जोडले आणि आमच्या बाजूला वळल्यावर त्याचे हात जोडलेलेच राहिले. बाहेरून कोणी तरी ओरडलं, "पुली, पूजा झाली का?" लोक हसले. मामा हसला नाही. तो अम्माकडे बघत होता.

पहिला राउंड नुसता गोल फिरण्यात गेला. जोसेफ चपळ होता आणि मामाच्या डाव्या बाजूने, जिथे त्याला नीट दिसत नव्हतं, आत शिरत होता. दुसऱ्यात त्याचा ठोसा कानशिलावर बसला आणि मामा पडला. असा पडला की लाकडी फळ्यांचा आवाज आधी आला आणि लोकांचा नंतर. मी अम्माचा हात धरला.  मला वाटलं ती डोळे झाकेल, पदर तोंडावर घेईल, उठून जाईल. तिने यातलं काही केलं नाही. ती पापणी न हलवता बघत राहिली, जणू आता घेतलंच आहे तर सगळं घेऊ. रेफरी मोजत होता. मामाने एक गुडघा टेकला, मान वर करून आमच्या दिशेने पाहिलं, आणि ती आहे हे पाहून उठला. लांब न सरता तो जोसेफच्या अगदी जवळ जाऊन लढू लागला, अंगाला अंग लावून, जिथे डोळ्यांचं काम नसतं. चौथ्या राउंडला जोसेफचे हात खाली येऊ लागले. पाचव्यात मामाचा आखूड उजवा ठोसा बरगडीखाली बसला, मोठा आवाज झाला नाही, आणि जोसेफ हळूच गुडघ्यांवर बसला, प्रार्थनेला बसावा तसा, आणि उठला नाही.

शेतात काय गोंधळ माजला ते मी सांगत नाही. माझी पत्रकं लोकांनी हवेत उडवली. मामा दोरांवर ओणवून, तोंडातून रक्त येत असताना, एवढंच म्हणाला, "अक्का, पाहिलंस?" अम्माने मान हलवली. "पाहिलं." तो रडू लागला. पट्टा मिळवला तेव्हा तो रडला नव्हता म्हणे. पुढे कोणी विचारलं की तो हीच सर्वात मोठी लढत सांगे, आणि ही लढत काही कोणत्या पट्ट्यासाठी नव्हती.

घरी आल्यावर अप्पांनी सगळ्यांना कॉफी केली, स्वतःच्या हाताने, कडू. बोळातली अर्धी माणसं ओट्यावर होती. माझं सुख मात्र वेगळंच होतं. मी स्वयंपाकघरात अम्माच्या मागे गेले आणि म्हणाले, "पाहिलंस ना? तू बघितलंस आणि तरी तो जिंकला. मारिअम्मनचा काही संबंध नव्हता. कधीच नव्हता."

अम्मा दवऱ्यातून, कॉफीच्या पसरट वाटीतून, टंबलरमध्ये कॉफी ओतत होती. ओतायची थांबली. इतका वेळ तिचा चेहरा आधी भीतीचा, मग सुटकेचा होता. आता तो कोरा झाला.

"मग मी ते चार का नाही बघितले?" ती म्हणाली.

 माझ्याजवळ नवसाविरुद्ध आठ पानं होती, नवस खोटा ठरल्यावर माणसाने काय करायचं याबद्दल एक ओळ नव्हती. आज इतक्या वर्षांनीही नाही. तत्त्वाच्या बाबतीत मी तेव्हा बरोबर होते आणि अजूनही तेच मानते. पण त्या संध्याकाळी मी जे तिच्यापुढे सिद्ध केलं, त्याचा अर्थ असा होता की तिने तिच्या भावाचं सारं तारुण्य भिंतीकडे तोंड करून काढलं आणि ते कोणाच्याच उपयोगी पडलं नाही. नवस खरा होता असं मरेपर्यंत मानू दिलं असतं, तर ती चारही लढतींची निम्मी मालकीण राहिली असती.

लोक गेल्यावर तिने मामाला सगळं सांगितलं. नवस, रस्ता, टाकलेला डबा, दगड. आता मोडायचं ते मोडलं होतं. मामा ऐकताना आधी हसला, "म्हणून रविवारचे उडीद!" आणि मग हसणं तोंडावर तसंच राहून डोळे बदलले. "म्हणजे तू माझ्यावर रागावली नव्हतीस."

"मी? तुझ्यावर?"

 मग अम्मा पाटावर पुढे सरकून म्हणाली, "आता सांग. पहिल्यापासून सांग. कोलारचं."

मामाने घसा साफ केला. "कोलारला... एक फोरमन होता." त्याला जमेना. तो नेहमी दाराकडे ओरडत सांगायचा, आणि आता दारामागची बाई समोर गुडघ्याला गुडघा लावून बसली होती. "काय सांगू, अक्का. जिंकलो." ती वाट बघत राहिली. "पुढच्या रविवारी नीट सांगतो," तो म्हणाला. पण पुढच्या रविवारी आणि त्याच्या पुढच्या रविवारी तो जेवला, झोपला, त्याने माझ्या धाकट्या भावाला पतंग करून दिला, आणि लढतींचा विषय काढला नाही. तिने पाहिलं होतं. त्याचं काम झालं होतं. तिचं सुरूच झालं नव्हतं, हे त्याला कळलं नाही, आणि अम्मा दोनदा कोणाला काही मागणारी नव्हती. अंगण फार शांत झालं.

मग मी मद्रासला, तिथून पुण्याला गेले. मामाच्या डोक्यात ते सगळे ठोसे हळूहळू उतरू लागले. आधी हात थरथरू लागले, मग नावं गेली. कारखान्यातून लवकर सुटल्यावर अम्माने त्याला आपल्याकडेच आणलं. त्याला भेटायला जुने कामगार येत, त्यांच्यापैकी एकाने माझं पत्रक जपून ठेवलं होतं. त्याला बरं वाटतं म्हणून ते लोक ते वाचून दाखवत, रोज, औषधासारखं. मला हे ठाऊक नव्हतं.

एका सुट्टीत मी घरी गेले होते. दुपारची वेळ. मामा अंगणातल्या खुर्चीत बसला होता, शर्टाच्या आत तो डोंगर कुठेतरी विरघळून गेलेला. अम्मा त्याच्या पायाशी बसून त्याच्या हाताची नखं कापत होती. सहज विचारावं तसं तिने विचारलं, "तुळजा, कोलारला काय झालं रे?"

आणि तो बोलू लागला. मी चकित होऊन पाहत राहिले, कारण सकाळी त्याला माझं नाव सांगता आलं नव्हतं. तो तमिळमध्ये बोलत होता, अक्काशी कधी बोलायचा नाही त्या भाषेत, खणखणीत, न अडखळता. कंपनीच्या मस्तवाल मुकादमाने श्रमिकांच्या पुत्राला आव्हान दिलं. पुलीच्या पहिल्याच प्रहाराने जुलमाचा किल्ला हादरला. दुसऱ्याने कोसळला.

अम्माच्या हातातली कात्री थांबली. "पण तू पडलास कधी, दा?" तिने विचारलं. आपल्या मराठीत, आर्जवाने. "त्यात तू कुठे पडला होतास ते सांग मज. तेवढंच मज ऐकायचं आहे."

मामाने तिच्याकडे दयेने पाहिलं. "पुली पडत नाही," तो म्हणाला. "पडतात ते त्याच्यासमोर उभे राहणारे."

आयुष्यात तिने त्याच्या दोनच लढती पाहिल्या होत्या, आणि दोन्हींत तो तिच्या डोळ्यांदेखत पडला होता.  माझ्याकडे तिने पाहिलं नाही. तिने त्याचा दुसरा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

"सेरि, बरं," म्हणाली, "बंगळूरचं सांग."

बंगळूरचंही मीच लिहिलेलं होतं.